मशीन घेऊन मैत्रिणीकडे

ट्रॉय शहरातल्या एका लाल सिग्नलला माझा डोळा लागला. ऑफिसातून घरी येत होते, संध्याकाळचे साडेपाच. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन परत लाल व्हायच्या बेतात होता. त्या भीतीने डॉक्टरकडे गेले. तिने विचारलं, झोपेत घोरता का, श्वास अडकतो का? मी म्हटलं, माहीत नाही.

"मग तुमच्याजवळ जे झोपतात त्यांना विचारून सांगा."

घटस्फोटाला नऊ वर्षं झाली होती आणि मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात होता. घोरणं ऐकायलाही दुसरं माणूस लागतं, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. "विचारायला कुणी नाही," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं.

एक रात्र बोटाला आणि छातीला तारा लावून घरीच टेस्ट केली. झोपेत माझा श्वास पुनःपुन्हा थांबत होता. स्लीप अ‍ॅप्निया. मग उशाशी सीपॅप मशीन आलं: डब्याएवढी पेटी, आत पाण्याचं भांडं, एक लांब नळी आणि नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ते हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. सवय व्हायला दोन महिने लागले, पण लाजण्याचा प्रश्न नव्हता. घरात बघायला होतं कोण?

प्रश्न आला तो फ्रीमाँटला जायचं ठरलं तेव्हा.

आम्ही तिघी नागपूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या. आता तिघी इथे परदेशात, तीन शहरांत: एक अ‍ॅशबर्नला असते, एक फ्रीमाँटला. फ्रीमाँटवालीचा नवरा भारतात गेला होता, लाँग वीकेंड होता. "घर आपलंच आहे," ती फोनवर म्हणाली. "हॉलमध्ये गाद्या टाकू. तीन रात्री नुसत्या गप्पा."

मी तिला सांगितलं की मला पहाटे ऑफिसचे कॉल आहेत, तुमची झोपमोड होईल, म्हणून जवळच हॉटेल घेतलंय.

"शनिवारी कॉल? काहून गं?"

"सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

ती म्हणाली, "बरं. तुझी सोय बघ तू."

एअरपोर्टवर सिक्युरिटीला मशीन बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवावं लागलं. तिथल्या माणसाने "सीपॅप?" असं मोठ्याने विचारलं आणि मी हळूच हो म्हटलं. त्याच्या दृष्टीने ते लॅपटॉपसारखंच होतं. मी मात्र मागच्या रांगेत कुणी आपल्याकडचं दिसतंय का ते बघत होते.

पहिल्या रात्री दहाला मी निघायला उठले. दोघी उशा मांडून नुकत्या सैलावल्या होत्या. "झालं का तुझं?" अ‍ॅशबर्नवालीने विचारलं. हॉटेलच्या वाटेवर दुकानात थांबून डिस्टिल्ड वॉटर घेतलं. मशीनला एका रात्री पेलाभर पुरतं, पण ते गॅलनच्याच बाटलीत मिळतं. ती जड बाटली छातीशी धरून मी लिफ्टची वाट बघत उभी होते आणि त्या दोघी आत्ता कशावर हसत असतील याचा विचार करत होते.

दुसऱ्या रात्री मात्र उठता आलं नाही. अ‍ॅशबर्नवालीची आई वर्षापूर्वी गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तिला जाता आलं नव्हतं. ते ती कधी बोलली नव्हती. त्या रात्री बोलली आणि रडली. अशा वेळी घड्याळ बघून कसं निघायचं? मी तिथेच गादीवर आडवी झाले. एका रात्रीने काय होतंय, असं मनाशी म्हटलं.

सकाळी उठले तर डोकं ठणकत होतं आणि शेजारच्या दोन्ही गाद्या रिकाम्या होत्या. अ‍ॅशबर्नवाली वरच्या खोलीत झोपायला गेली होती. फ्रीमाँटवाली किचनमध्ये चहा घेऊन बसलेली, डोळे लाल.

"मी खूप घोरले का?"

"घोरण्याचं जाऊ दे. तू मधेच थांबत होतीस. एकदम शांत. मग गुदमरल्यासारखी परत सुरू. दोनदा हलवलं तुला. नंतर झोपलेच नाही, बसून राहिले तुझ्याजवळ."

मग मी सगळं सांगितलं. सिग्नल, टेस्ट, मशीन, खोटे कॉल.

"किती दिवस झाले?"

"वर्ष होऊन गेलं."

"वर्ष." तिने कप खाली ठेवला. "दर रविवारी बोलतो गं आपण. मला वाटलं, आमचं घर तुला आता पुरत नाही. रात्री वाटलं, अँब्युलन्स बोलवू का."

चार वर्षं आम्ही एकमेकींची आजारपणं काढलेली. तिला मी सांगू शकले नव्हते, कारण सांगायची सवयच मोडली होती. तेही मी तिला म्हटलं नाही. फक्त तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढून घेतला नाही.

दुपारी हॉटेल सोडलं आणि मशीन तिच्या हॉलमध्ये आणलं. दोघींनी ते निरखून पाहिलं, नळी हातात घेऊन बघितली. मी मास्क लावला तेव्हा अ‍ॅशबर्नवाली म्हणाली, "पायलट दिसतेस." तिघी हसलो. मला हलकं वाटलं.

पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. मास्क नाकावर असताना तोंड उघडलं की आतली हवा फस्सकन बाहेर येते, बोलता येत नाही. दिवा मालवला आणि गप्पा सुरू झाल्या. मेसवाल्या काकूंचा विषय निघाला. "आठवतं ना गं तुला?" मी अंधारात अंगठा वर केला. पुढेही दोनदा मलाच विचारलं, दोनदा मी अंगठा वर केला. मग त्यांनी विचारणं सोडलं. थोड्या वेळाने मला झोप लागली असेल असं समजून त्यांनी आवाज लहान केला आणि मशीनच्या आवाजात मला शब्द लागेनात. मास्क काढून बोलता आलं असतं. पण दोघी दमल्या होत्या, माझ्यामुळेच एकीची रात्र गेली होती. मी पडून राहिले.

परत आल्यावर फ्रीमाँटवाली रोज सकाळी फोन करायची, "नीट झोपलीस का?" महिनाभर केला. मग परत रविवारवर आलं.

यंदा अ‍ॅशबर्नला जमलो. हॉटेल घेतलं नाही. मशीनला प्लग लागतो म्हणून भिंतीकडेची गादी मी आपणहून घेतली. त्या दोघींचं रात्रीचं बोलणं रंगायच्या आधी, दिवसभरात जे काही बोलायचं होतं ते मी बोलून घेतलं होतं.