पोराला ओके सांगितलं

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकट निवडणं. दुपारी पडवीत सूप घेऊन बसलो होतो.

"मोतीबिंदू काढलात तरी सुकटीची डोकी तशीच ठेवताय," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं तुझं डोकं खाल्लं, आता ह्यांचं खातो."

हसताना तिने डावा खांदा दाबून धरला. परवापासून दुखत होता. तिने ओवा चावला, मी तेल चोळलं. वायू असेल, असं आम्ही दोघांनीच ठरवलं. डॉक्टर रिक्षाने दहा मिनिटांवर.

पोरगा मुंबईला असतो. रोज दिवेलागणीला त्याचा फोन. आमच्याकडे रीतच अशी, की दुखणं गेल्यावर मुंबईला कळवायचं. तिनेही बजावलं, "त्याला काय सांगू नका हां. तुमच्या डोळ्याला येऊन गेलाय, परत रजा घेऊन धावत येल."

फोन आला. "बाबा, आई ओके?"

"ओके," मी म्हटलं.

मी चौथी शिकलेला. इंग्रजीतला हा एक शब्द मला नीट वापरता येतो. गॅरेजवाला स्कूटर परत देताना ओके म्हणतो. प्रेशर मोजणारी मुलगी ओके म्हणते. आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढल्या की हमाल ओके ओरडतो. चांगलं किंवा वाईट काहीच त्यात सांगावं लागत नाही. बरं नाही म्हटलं असतं तर पोराने विचारलं असतं, काय होतंय, कधीपासून, डॉक्टरकडे का नेलं नाहीत. ओके म्हटल्यावर त्याने पाऊस आहे का विचारलं आणि फोन ठेवला.

ती भात वाढायला उठली आणि चुलीपाशीच खाली बसली. रिक्षातून नेली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. मग पोराला फोन मीच केला. काय बोललो ते आठवत नाही.

सकाळच्या गाडीने तो आला. अंगणात माणसं जमली होती. येणाऱ्या प्रत्येकाला शेजारी अचानक गेली म्हणून सांगत होते. मीही तेच सांगू शकलो असतो.

"कधीपासून दुखत होतं?" त्याने विचारलं.

"तीन दिवसांपासून."

"काल मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही दुखत होतं. मला ठाऊक होतं."

तो आत जाऊन आईच्या पायाशी बसला. मी चप्पल घातली आणि लाकडं आली का ते बघायला बाहेर गेलो.