बिननंबरी गाडी आणि आमचे आबा

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि मला दुचाकीचं लायसन नाही. दोनदा परीक्षेला गेले. जमिनीवर आखलेला आठ गाडीवरून काढायचा असतो. माझा दोन्ही वेळा तीन निघाला. दुसऱ्यांदा साहेबांनी रिक्षाचा पर्याय सुचवला, तेव्हा मी तो नाद सोडला.

शाळा लोणावळ्यात, घर टाकवे बुद्रुकला. लोकल कान्हे स्टेशनवरून पकडायची, आणि कान्ह्यापर्यंत पोचायचं कसं हा रोजचा यक्षप्रश्न. नवरा पहिल्या पाळीला मोटरसायकल घेऊन अंधारातच निघायचा. उरली वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हरच्या मनावर. माझी लोकल इतक्या वेळा चुकली की मुख्याध्यापिकाबाई एकदा गोड आवाजात म्हणाल्या, जवळपास राहणारी कुणी मिळते का बघते. स्पष्टच सांगायचं तर नोकरी जायची वेळ आली होती.

म्हणून मी ती हळू पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ताशी पंचवीसच्या वर ती जातच नाही, त्यामुळे तिला नंबर लागत नाही आणि चालवणारीला लायसन. कायदा जणू माझ्यासाठीच केलेला. कंपनीचा तसा कागद लॅमिनेट करून मी पर्समध्ये ठेवला.

कायद्याला चालली, पण गावाला चालेना. आवाज नाही, धूर नाही, नंबर नाही; ही कसली गाडी? रस्त्यातल्या कोंबड्यासुद्धा बाजूला होत नसत. शेजारच्या मावशींचं म्हणणं, हिच्यापेक्षा शिलाई मशीन बरं, निदान वाजतं तरी. हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण दूध डेअरीवर कुणीतरी सासऱ्यांना विचारलं, सुनेनं गाडी चोरबाजारातनं आणली का. सासरे, म्हणजे आमचे आबा, बैलगाडा शर्यतीत जिंकलेल्या ढाली बैठकीच्या भिंतीवर टांगणारा माणूस. त्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे नांगरापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी झेंडूच्या माळा ओवत होते, तेवढ्यात आबांनी गोठ्यात गंजत पडलेल्या त्यांच्या जुन्या फटफटीची नंबरपाटी काढली, राखेनं घासली आणि माझ्या स्कूटरला तारेनं आवळली. वर हळदकुंकू, पुढे नारळ. मी म्हटलं, आबा, हे बेकायदेशीर आहे. ते म्हणाले, पूजा झालेली वस्तू हलवायची नसते. याला घटनेत उत्तर नाही.

आणि गंमत बघा. बिननंबरी होते तेव्हा मी पूर्ण कायदेशीर होते आणि कान्हे फाट्यावर सारखी अडवली जायचे. आता दुसऱ्याच गाडीचा नंबर मिरवत होते, तर हवालदार मान डोलावून पुढे सोडत. गावातही पत वाढली. शेजारच्या मावशींनी तर माझ्या मागे बसून स्टेशनपर्यंत यायची तयारी दाखवली. वर्गात मी नागरिकांची कर्तव्यं शिकवत होते, तीही न अडखळता.

दिवाळीच्या सुट्टीआधी फाट्यावर नवा हवालदार आला. त्याला मोबाइलवर नंबर टाकून बघायची भारी हौस. मी संध्याकाळी स्टेशनवरून निघाले होते. त्याने माझा नंबर टाकला तर मोटरसायकल निघाली. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की गाडी जमा करावी लागेल. गाडी गेली म्हणजे उद्यापासून पुन्हा जीप, आणि जीप म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचा तो गोड आवाज. मी कागद पुढे केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला. कागद बरोबर आहे, म्हणाला, मग पाटी कशाला लावली?

रस्त्यात उभं राहून सासऱ्यांना गुन्हेगार करणं माझ्या जिवावर आलं. मी घरी फोन लावला. आबा मिळेल त्या जीपला लटकून आले, टोपी नीट केली आणि हवालदारासमोर उभे राहिले.

"म्या लावली पाटी," ते म्हणाले. "लोकं म्हनाया लागली, सून चोरीच्या गाडीवर फिरती. आमी लोकास्नी काय सांगायचं?"

हवालदाराला हसावं की पावती फाडावी ते कळेना. शेवटी त्याने समजावलं, या गाडीला नंबर नसणं हेच कायद्याला धरून आहे. पाटी आत्ताच्या आत्ता काढा, पुन्हा दिसली तर गाडी सोडणार नाही. आबांनी पंक्चरवाल्याची पक्कड मागून घेतली आणि तार सोडवली.

परतीला जीप नव्हती. आबा जन्मात बाईमाणसाच्या मागे बसले नव्हते. ते बसले. पाटी काखेत, दोन्ही हात मागच्या दांडीला. दोघांच्या वजनानं गाडीचा होता तो वेगही गेला. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला, आणि जाता जाता वळून आबांना रामरामही घालून गेला.

गावाच्या अलीकडे, इंद्रायणीच्या पुलावर आबा म्हणाले, "हितं सोड मला. फुडं मी चालत येतो."

मला राग आला, अगदी खराखुरा. गाडी जमा झाली असती तर नोकरी माझी गेली असती, आणि यांना पडली होती डेअरीवरच्या चार टोप्यांची. मी सांगितलं, मधेच थांबवली तर ही पुन्हा चढाला उचलत नाही. हे धादांत खोटं होतं. गाडी मी सरळ डेअरीवरून काढली.

संध्याकाळच्या दुधाला गर्दी होती. लोक कॅन खाली ठेवून बघत राहिले. आमचा वेग असा की प्रत्येकाला सावकाश बघून घेता आलं.

"आबा, गाडीचा नंबर कुटं गेला?" कुणीतरी विचारलं.

मी आरशात पाहिलं, आबांची मान खाली होती. मग ती वर आली.

"आमच्या सुनंला लागत न्हाई," ते म्हणाले.