बाभळीवरचा कापूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझी बायको म्हणजे दूधवाल्याकडून दुधातल्या पाण्याची कबुली घेतलेली बाई. तिच्यासमोर इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, यावरूनच ओळखा, मी दिसतो तेवढा साधा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही समोर नाही, म्हणून असेल. समोर असता तर चहा मागवून विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात धरणारा यवतमाळात सापडायचा नाही.

सुरुवात मात्र मजेची आहे. ती आधी सांगू द्या.

कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्या जिल्ह्याचं नाव सारखं पेपरात यायचं, आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. पण गंमत बघा — कापूस बुडत गेला तशा कापूस पाहायला येणाऱ्या गाड्या वाढत गेल्या. साहेब, पुढारी, पत्रकार, अभ्यास करणारे. दिवसभर खेडी फिरून या गाड्या संध्याकाळी शहरात परतायच्या तेव्हा सगळ्यांचा रंग एकच झालेला असायचा, धुळीचा. मी बीकॉम होऊन घरी बसलेलो. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त. मीही कुठल्या तरी टेबलामागे बसावं एवढीच त्यांची इच्छा. आणि माझा शाळेपासूनचा दोस्त विलास, त्याचं कळंबच्या अलीकडे शेत. तो एक दिवस टपरीवर म्हणाला, "अबे, कापसाच्या पऱ्हाटीतून काही निंगून नाही राह्यलं. या गाड्याच धुऊ ना आपण. दारात जाऊन."

झालं. धंदा ठरला. भांडवल म्हणाल तर माझी जुनी स्कूटर आणि विलासचा उत्साह.

मशिनं घ्यायची ऐपत नव्हती, मग घरातलंच सामान गोळा केलं. पाणी मारायला विलासच्या शेतातला पाठीवरचा फवारणी पंप. तो धुऊन घ्यायला हवा हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि दुसऱ्यानं धुतला असेल असं दोघांनाही वाटलं. पहिल्याच गाडीला अळीच्या औषधाचा असा वास सुटला की ड्रायव्हर नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मग पंप नवा घेतला. साबणाऐवजी उकळलेले रिठे. खाचाखोचांतली धूळ काढायला वडिलांचा दाढीचा ब्रश — त्यांनी तो आठवडाभर शोधला आणि शेवटी आईवर चिडले. हीसुद्धा कबुलीच आहे म्हणा. पण ही नव्हे.

चमकवायला लागणारं मऊ कापड महाग होतं. नागपूरहून मागवावं लागायचं. आता कापसाच्या मुलखात राहून पुसायला कापड विकत आणायचं? विलास म्हणाला, कुंदा देते की कापूस.

कुंदावहिनी म्हणजे विलासची बायको. तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं — नाही, बरंच सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच आहे. वहिनीची वेचणी त्या भागात नावाजलेली. पहाटे दव असतानाच ती शेतात उतरायची. दवानं पानं ओली असली की त्यांचा चुरा होऊन कापसाला चिकटत नाही. ऊन चढलं की बाकीच्या बायकांनाही ती थांबवायची. तिच्या ओटीत काडी नाही, पान नाही, किडकं बोंड नाही. व्यापारी लोकांच्या ढिगात हात खुपसून बघायचे, तिच्या कापसावर नुसती नजर टाकून पुढे सरकायचे. बाईला दागिन्यांची हौस नव्हती. ही एवढीच तिची मिरवायची गोष्ट होती, आणि ती मिरवायचीही. "आमच्या कापसात हात घालाचं काम नाही जी," असं म्हणताना तिचा पदर आपोआप सरळ व्हायचा.

आम्हाला द्यायचा कापूस ती त्याहून निगुतीनं करायची. एकेक सरकी बोटांनी काढायची, तंतू मोकळे करायची, आणि उशीच्या खोळीत भरून पाठवायची. खोळीवर तिनं स्वतः भरलेला हिरवा पोपट. त्या कापसानं गाडी पुसली की बॉनेटमध्ये स्वतःचे दात मोजता यायचे. पोपटाची खोळ दिसली की ड्रायव्हर लोक ओळखायचे, ती धुलाईवाली पोरं आली.

आता येतो मी मुद्द्यावर. येतोच आहे.

गावातल्या एका वकीलसाहेबांकडे मुलीचं लग्न होतं. वरातीची गाडी त्यांची स्वतःची — नवी कोरी, काळी कुळकुळीत. ती चमकवायचं काम आम्हाला मिळालं. काम आवडलं तर वकिलांच्या ओळखी केवढ्या, विचार करा! आदल्या दिवशी वहिनीनं पोपटाची खोळ भरून पाठवली. मी ती घरी आणली, देवघराशेजारी टेकवली आणि झोपलो.

सकाळी उठून बघतो तर खोळ रिकामी. आई देवापुढे बसून फुलवाती वळत होती. ताटभर झाल्या होत्या, शुभ्र, टपोऱ्या. इतक्या आनंदात होती ती! म्हणाली, "असा कापूस जन्मात पाहिला नव्हता रे, देवासाठीच आणलास ना?" तुम्ही काय म्हणाला असता? मी हो म्हणालो.

तिकडे विलास वकिलांच्या अंगणात गाडी धुऊन माझी वाट बघत असणार. मी रिकामी खोळ घेऊन निघालो. कापड दुकानं उघडायची होती अजून. आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर मला बाभळी दिसल्या. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हे दृश्य असतंच: कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या खालून जातात आणि काट्यांना कापसाचे झुबके अडकून राहतात. बाभळीलाच बोंडं फुटली असं वाटावं. मी स्कूटर लावली. वेचला. घाईत जमेल तेवढ्या सरक्या काढल्या. त्यात धूळ होती, वाळू होती, तुटलेल्या काट्यांची टोकं होती. मला दिसत नव्हती का? दिसत होती. वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

खोळ भरली. पोपट पुन्हा गुबगुबीत झाला.

गाडी मीच पुसली, गाणं गुणगुणत, गोल गोल हात फिरवत. बॉनेट झालं, एक दार झालं. ऊन वर आलं आणि विलास ओरडला, "काय करून राह्यला बे? थांब!" काळ्या रंगावर गोल गोल ओरखडे — मांजरानं दळण दळावं तसे. वकीलसाहेब लुंगीवर बाहेर आले. त्यांच्या मागे पाहुणे. विलासनं माझ्या हातातला कापूस घेतला, चोळला, त्यातून एक सरकी काढली. मग त्याची नजर खोळीवरच्या पोपटाकडे गेली. "कुंदानं असा पाठवला?" तो म्हणाला. आपल्याच कानांवर विश्वास नसल्यासारखा.

बस. एवढाच क्षण होता. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही, गप्प राहिलो. पण ते खोटं आहे. मी बोललो. मी म्हणालो, "राहिली असेल एखादी. वहिनीची घाई झाली असेल." समजूतदार आवाजात. वर तिच्यावर उपकार केल्यासारखं.

वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी बॉनेटभर झेंडूच्या माळा टाकायला सांगितल्या आणि वरात थाटात निघाली. आम्हाला नंतरही कामं मिळाली. त्या कमाईतून मऊ कापडं आणली, पुढे मशीन आलं, व्हॅन आली. आज माझ्या व्हॅनवर मोठ्या अक्षरांत नाव आहे, विलास अजून भागीदार आहे. आमचं मस्त चाललंय.

आणि वहिनी? विलासनं घरी जाऊन तिला विचारलं. ती दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आली. मला म्हणाली, "भाऊजी, मी तं एकेक करून काढली होती जी. कशी राह्यली असन, मलेच समजून नाही राह्यलं." माझ्या मागे, देवघरात, तिच्याच कापसाची वात जळत होती. मी चहा मागवला. पाऊसपाण्याचं विचारलं.

पाहुण्यांनी गोष्ट बाजारात नेली. लोकांना हसायला काही तरी हवंच होतं त्या वर्षांत. कुंदीच्या कापसानं वकिलाची गाडी बोचकारली! आधी वहिनीही हसली. मग विक्रीच्या दिवशी व्यापाऱ्यानं तिच्या ढिगात हात खुपसला — कोपरापर्यंत. "गाडीवाला कापूस आहे ना हा," म्हणाला. मी तिथेच होतो, विलासला सोबत म्हणून गेलो होतो. तिनं पदर ओढून घेतला. कापूस स्वच्छच निघाला. पण हात घातला गेला होता. त्यानंतर तिला ते मिरवायचं वाक्य बोलताना मी कधी ऐकलं नाही.

मला ते पाहून वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि तरी मी बोललो नाही.

आता वहिनीला चष्मा लागलाय. आईला मात्र वातींचं वेड तसंच आहे. त्यामुळे दर दिवाळीआधी वहिनी एक पिशवी कापूस घेऊन येते. यंदाही आली. विलास मजेत 'गाडीवाला कापूस आला' असं पुटपुटला, आई हसली, मीही हसलो. वहिनीनं पिशवी माझ्यासमोर धरली. तोंड उघडलं. "पाह्यून घ्या भाऊजी," म्हणाली. "हात घाला. कोपरापर्यंत घाला."

थट्टा नव्हती त्यात. ती खरंच वाट बघत उभी होती.

मी हात घातला. आत सगळं मऊ होतं, थंड होतं. बोटांना काही लागलं नाही. "स्वच्छ आहे," मी म्हणालो, आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुटल्यासारखं हसू आलं की मला हात बाहेर काढवेना.

त्या दिवशीचा कापूस कुंदावहिनीचा नव्हता. बाभळीवरचा होता. मी वेचला होता.