लाईनमन काकांचा कान

रिसीव्हर कानाला लावला की ते डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचे. "बोलू नका. लाईन बोलतेय."

हे आमच्या येरवड्याच्या भागाचे लाईनमन. मी एसटीडी बूथवर बसायचो आणि येईल त्याची नक्कल करायचो, म्हणून ते मला नकल्या म्हणत. फोनमध्ये खरखर आली की काका दोन मिनिटं ऐकणार आणि सांगणार, "शाळेमागच्या केबलच्या सांध्यात पाणी गेलंय." उघडून बघावं, तर पाणीच. मी चहाची पैज दोनदा हरलोय.

एकदा वाघोलीच्या कुठल्याशा लॉजचे फोन आमच्याकडे यायला लागले. मी मॅनेजरच्या आवाजात चार खोल्या देऊन टाकल्या. काका म्हणाले, "वा. आता गाद्या पण तूच घाल."

मग तो शनिवार. समोरच्या काकूंच्या मुलीचा अकरा वाजता फोनवर इंटरव्ह्यू होता, बंगळूरहून. कॉम्प्युटरची नोकरी, घरातली पहिलीच. साडेदहाला मी सहज त्यांचा नंबर लावून बघितला, तर पिठाच्या गिरणीवाल्याने उचलला. तीनदा तेच.

मी कळवल्यावर काका सायकलवरून आले. मुलीच्या घरच्या फोनवरून तिचाच नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावला. "मागे गिरणीचा पट्टा फिरतोय बघ. हिची आणि गिरणीची वायर अदलाबदल झालीये. रस्ता सगळा खणलाय, शोधायला दुपार होईल."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"मग गिरणीत चला," काका म्हणाले. "फोन तिथेच येणार."

गिरणीवाला कुरकुरला, "अहो, दळण केवढं पडलंय."

"लाईट गेले समजा."

पट्टा थांबला. मुलगी पोत्यावर बसली. अकराला फोन वाजला, आणि काका दारात बोट वर करून उभे राहिले. डबे घेतलेल्या आठ-दहा बायका, उडतं पीठ, पण पाऊण तास कुणी शिंकलंसुद्धा नाही. आतून फाडफाड इंग्रजी येत होतं. मी कुणाचाही आवाज काढतो हो, पण हा माणूस ऐकतो कसा, त्याची नक्कल अजून जमलेली नाही.

आठवड्याने पत्र आलं. पेढे घेऊन मुलगी आणि मी टेलिफोन एक्स्चेंजला गेलो, तर काकांची बदली लोणी काळभोरला झालेली. मग बूथवरूनच फोन लावला, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि शेजारी कान लावून उभा राहिलो.

"काका, लागली नोकरी. तुमच्यामुळे."

पलीकडे काका खाकरले.

"आवाज स्वच्छ येतोय ना, पोरी?"