एझ्रा पिलचरचं सहावं काडतूस

एझ्रा पिलचरने आयुष्यात किती माणसं मारली, याचं उत्तर पेंडर्स क्रॉसिंगमध्ये तुम्ही कुणाला विचारता त्यावर ठरायचं. लाकडाच्या वखारीवर अकरा. हॉटेलच्या ओसरीवर नऊ, पण नऊच्या नऊ भर रस्त्यात, समोरासमोर, आणि समोरच्याला आधी पिस्तूल काढू देऊन. मेथॉडिस्ट चर्चच्या बायका आकड्याच्या भानगडीत पडायच्याच नाहीत. "मेला कसाई!" म्हणायच्या आणि तो दिसला की रस्ता ओलांडायच्या. कॅन्ससमधला तो रस्ता, घोटाभर धूळ, तरी ओलांडायच्या.

एझ्राला दोन्ही चालायचं. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, गुडघे कामातून गेलेले, नाहीतर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. कसाई म्हणून का होईना, लोक बघत होते.

खरा आकडा होता एक. बाकीच्यांतला एक कोठडीत न्यूमोनियाने गेला. दुसरा, मार्शल म्हणजे गावचा फौजदार एझ्रा येतोय म्हटल्यावर पळाला आणि घोड्यावरून पडून मान मोडून मेला. दोघे तर कोलोरॅडोत अजून धडधाकट होते, त्यातला एक दातांचा डॉक्टर झाला होता आणि नाताळला कार्ड पाठवायचा. ते कार्ड एझ्राची बायको हेस्टर पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची. नवऱ्याने ठार मारलेल्या माणसाच्या शुभेच्छा भिंतीवर लावता येत नाहीत.

आणि तो एक? तो घडला १८८२च्या जुलैत. टेक्सासहून गुरांचे कळप येण्याचे दिवस. गावात दीड हजार जनावरं आणि त्यांच्यामागून आलेले, तीन महिने घसा कोरडा पडलेले गुराखी. आधीचा मार्शल पळून गेला होता, म्हणून गावच्या सभेने एझ्राच्या छातीवर बिल्ला लावला. त्याची पात्रता एवढीच, की तो त्या सभेला उशिरा पोचला.

आता पिस्तुलाचा एक नियम असतो, तो तिकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक. सहा घरांच्या पिस्तुलात पाचच काडतुसं भरायची आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, रिकाम्या घरावर टेकवायचा. नाहीतर पिस्तूल पडलं, घोड्याला धक्का बसला, की गोळी सुटते. एझ्राने विचार केला, पाचापेक्षा सहा जास्त. भरली सहा.

आठव्या दिवशी तो ओटो क्नाऊस न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसला होता. खुर्चीवर एक परगावचा माणूस. बुटात खडा गेला म्हणून एझ्रा वाकला, पिस्तूल म्यानातून सटकलं आणि घोड्यावर आपटलं. गोळी खुर्चीच्या बैठकीतून वर गेली. परगावचा माणूस "अरे" एवढंच म्हणाला.

लगेच तिथल्या तिथे सहा पंच बसवून पंचनामा. पंचांचा म्होरक्या वखारवाला लूथर बॅग्बी. तो म्हणाला, "हे बघा, मार्शलचं पिस्तूल मांडीवरून पडतं हे त्या टेक्सासवाल्यांना कळलं तर उद्या ते आपली दारं काढून शेकोटी करतील. पिलचरने मारलाय ना? मग तो मारण्यासारखा असलाच पाहिजे." मग बक्षीस लावलेल्या फरारी गुन्हेगारांची चित्रं बाहेर काढली. पहिला फार उंच, दुसरा एकाक्ष, तिसरा फ्रँक डॉबिन नावाचा दरोडेखोर बराचसा जमत होता, फक्त नाक वेगळं. बॅग्बी म्हणाला, नाकाचं काय घेऊन बसलात. मयताच्या पिशवीत चाळीस चष्मे निघाले. आता एका माणसाला डोळे दोन, चाळीस चष्मे कशाला? लूटच ती! तो चष्मे विकणारा फिरता विक्रेता असेल हे सहांपैकी एकालाही सुचलं नाही, किंवा सुचलं आणि गिळलं. चष्मे मात्र सहांनी वाटून घेतले. पिशवीवर नाव होतं सायलस हॅस्केट, म्हणून पंचनाम्यात लिहिलं, 'सायलस हॅस्केट उर्फ फ्रँक डॉबिन, लूट घेऊन मेक्सिकोकडे पळत असता भर रस्त्यात मार्शलवर पिस्तूल रोखले, सबब ठार.' वर्तमानपत्राने ते जसंच्या तसं छापलं.

एझ्रा पहिले काही महिने झोपला नाही. मग त्या रस्त्यातल्या चकमकीची गोष्ट सांगायला लागला, आणि सांगता सांगता झोप येऊ लागली. खुनी म्हणा, शूर म्हणा, पण धांदरट म्हणू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. रात्री कधी घाम फुटायचाच तर तो रक्ताच्या आठवणीने नाही. त्या माणसाच्या गालावरचा साबण आठवून फुटायचा. साबण लावलेल्या माणसाला मारणं यापेक्षा लाजिरवाणं त्याला काही सुचत नव्हतं.

१९११ साली गावाने एझ्राचा वाढदिवस करायचा घाट घातला. बॅग्बी आता महापौर झाला होता. मंडप, लिंबू सरबत, टेबलभर ॲपल-पाय आणि मंचावर मधोमध एझ्रा. बॅग्बीने भाषण ठोकलं, अकराच्या अकरा गाडले, आणि म्हणाला, "आता मार्शलसाहेब स्वतः डॉबिनची हकिगत सांगतील."

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रवासाच्या राखी कपड्यांतली एक बाई उठली.

"मी कॉर्डेलिया हॅस्केट," ती म्हणाली. "मिसुरीहून आलेय. सायलस हॅस्केटची मुलगी."

बॅग्बीने घाईघाईने चष्मा काढून खिशात टाकला.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाली. "माझी आई अंथरुणाला खिळलीये, आता फार दिवस नाहीत तिचे. तुमच्या पेपरात आलं होतं, ते मेक्सिकोला पळत होते म्हणून. चोर होते की नव्हते, हे आई विचारत नाही. ते आम्हाला टाकून चालले होते का, एवढंच एकोणतीस वर्षं विचारतेय. मी तर कधीच मानलं, गेले टाकून. नावसुद्धा घेत नव्हते मी त्यांचं. पण तिला काहीतरी सांगायला हवं ना? ते कुठे निघाले होते, तुमच्याशी बोलले असतील. मरताना काही बोलले का?"

एझ्राकडे उत्तर तयार होतं. डॉबिनचे शेवटचे शब्द तो कितीतरी वर्षं सांगत आला होता, 'मार्शल, तू माझ्यापेक्षा चपळ निघालास!' त्यावर टाळी ठरलेली. त्याने तोंड उघडलं. पहिल्या रांगेत हेस्टर बसली होती. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, ॲपल-पायचा तुकडा काट्याने उगाच चिवडत होती.

"अहो, सांगा की आता," ती खाली बघूनच म्हणाली. "फार झालं."

"'अरे' म्हणाले," एझ्रा म्हणाला. "बाई, तेवढंच म्हणाले."

आणि त्याने सांगितलं. रस्ता नव्हता, चकमक नव्हती. सहावं काडतूस, बुटातला खडा, खुर्चीची बैठक. बॅग्बी त्याचा कोट ओढत होता, "अहो पिलचर, ऊन लागलं का तुम्हाला?" एझ्राने त्याचा हात झटकला. आधी लोकांना वाटलं, म्हातारा विनय दाखवतोय, म्हणून टाळ्या पडल्या. मग मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग वखारवाले हसले, ओसरीवाले हसले, आणि मेथॉडिस्ट बायका तर पदरचं सगळं पुण्य विसरून डोळे पुसू लागल्या. "खडा! बुटात खडा!" ज्या हसण्याला तो जन्मभर भ्यायला, ते हेच होतं. त्याचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही.

"तुमच्या वडिलांच्या हातात शस्त्र नव्हतं," तो ओरडून म्हणाला. "चादरीखाली होते त्यांचे हात. तोंडाला साबण होता!"

हशा आणखी वाढला. बाई मात्र बाकाची पाठ धरून उभी होती.

"साबण?" ती म्हणाली. "दाढी करत होते?"

"हो. एक गाल झाला होता. दुसरा ओटोने मागाहून केला. अर्धी दाढी तशीच ठेवून पुरायचं, बरं दिसत नव्हतं."

"मिशी?"

"काढायला सांगितली होती. सगळं साफ कर म्हणाले होते."

बाई मटकन खाली बसली. हसणारे तिच्याकडे बघून एकेक गप्प होत गेले.

"फिरतीवर बाबा दाढीला हात लावायचे नाहीत," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. "सहा-सहा महिने. जंगलातून आल्यासारखे दिसायचे. आईला दाढी टोचायची, ती जवळ येऊ द्यायची नाही. म्हणून घरी यायला निघाले की वाटेत मिशीसकट सगळं उतरवून यायचे. घरी यायला निघाले की. एरवी कधीच नाही."

तिने रुमाल तोंडाला लावला. थोड्या वेळाने ती उठून मंचापाशी आली आणि एझ्राच्या समोर उभी राहिली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. तसा तिचा विचारही दिसत नव्हता.

"हे लिहून द्या," ती म्हणाली. "सही करून. आईला वाचून दाखवायचंय."

एझ्राने बॅग्बीच्या हातातलं भाषण ओढून घेतलं, कागद उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. काडतूस लिहिलं, खडा लिहिला, खुर्ची लिहिली. बाई खांद्यावरून वाचत होती.

"साबण राहिला," ती म्हणाली.

एझ्राने मान हलवली, पेन्सिल जिभेवर ओली केली आणि साबण लिहिला.