वेण्णिलाची वेणी

चेन्नईजवळच्या कोवलमच्या बसथांब्यापासून आत, सुरूच्या झाडांमागे मुलींचं वसतिगृह होतं. त्सुनामीनंतर एका सेवाभावी संस्थेने घाईघाईत उभारलेलं, पत्र्याच्या छपराचं. तिथे एकतीस मुली, आणि त्यांना न्हाऊमाखू घालणारी रत्नप्रभा.

ती तंजावरकडच्या मराठी घरातली. आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. नवरा गेला तेव्हा पदरी मूल नव्हतं. संस्थेचे चिटणीस राघोत्तम नवऱ्याचे चुलतभाऊ. त्यांनीच तिला इथे आणलं. "वैनी, एक मागत होता ना देवाकडे? घ्या, एकतीस!"

रोज सकाळी ओट्यावर मुलींची रांग लागे. खोबरेल तेल, दोन वेण्या, दुमडून कानामागे लाल रिबिनी. तिच्या हातची वेणी शाळा सुटेपर्यंत जागची हलत नसे. दहा वर्षांची वेण्णिला कळवळून म्हणायची, "अक्का, डोकं आहे माझं, नारळ नाही!" आणि सगळी रांग हसायची.

चेन्नईत वाढदिवसाचं जेवण अशा वसतिगृहांतल्या मुलांना घालायची रीत आहे. दारातल्या फळ्यावर दात्याचं नाव लिहिलं जाई, मुली अनोळखी माणसासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणत आणि केसरीभात खात. एक गृहस्थ फार वेळा येत. कधी बायकोचा वाढदिवस, कधी आईचा, एकदा तर वारलेल्या वडिलांचा. मग ते रविवारी वेण्णिलाला गाडीतून फिरायला नेऊ लागले. कुणी कागद मागितला नाही, कुठे नेता विचारलं नाही. राघोत्तम म्हणत, "पोरीचं नशीब उघडलं."

एका रविवारी गाडी यायच्या वेळी वेण्णिलाने घातलेली वेणी सोडून टाकली. "वेंडाम, अक्का," म्हणाली. नको.

"जेवू घालणाऱ्या माणसाला नको म्हणतात का?" रत्नप्रभाने पुन्हा वेणी घातली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तिने पोरीच्या दंडाला चिमटा काढला, रिबीन करकचून बांधली आणि तिला फाटकापर्यंत पोचवून आली.

शेवटी वेण्णिला बोलली ती शाळेतल्या बाईंपाशी. बाईंनी वर कळवलं आणि चौथ्या दिवशी सरकारी जीप दारात उभी राहिली. वसतिगृहाची नोंदणी नव्हती. पाहुण्यांची वही नव्हती. गृहस्थ म्हणाले, पोरगी खोटं बोलते. संस्थाही तेच म्हणाली.

चौकशीच्या आदल्या दिवशी राघोत्तम आले, ओट्यावर बसले. "वैनी, एवढंच सांगायचं, तुम्हाला काही दिसलं नाही. बंद पडलं तर तुम्ही कुठे जाल? या पोरी कुठे जातील?" त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. तिने त्यांना कॉफी दिली.

चौकशीला शर्मिष्ठा नावाची तरुण अधिकारी आली होती, महाराष्ट्रातली. रत्नप्रभाचं नाव वाचून तिने मराठीत विचारलं, "कुठलं हो हे मराठी घराणं तुमचं?"

"इथलंच, मॅडम. तीनशे वर्षांचं."

घरातली भाषा कानावर पडली आणि रत्नप्रभाचा बांध फुटला. तीन रविवार, तीन वेण्या, चिमटा. सगळं सांगून टाकलं.

शर्मिष्ठाने लेखणी खाली ठेवली. "हे मला एकटीला सांगून भागणार नाही. जबाब तमिळमध्ये लिहिला जातो. लेखनिकासमोर पुन्हा सांगावं लागेल. ते तुमच्याही विरुद्ध जाईल. सांगाल?"

दाराशी राघोत्तम उभे होते. रत्नप्रभाने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेखनिकाकडे. तमिळमध्ये ती वाक्यं फारच लहान झाली. "तिने तीनदा वेणी सोडली. मी तीनदा घातली. ती नको म्हणत होती. मला ऐकू येत होतं."

राघोत्तम पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत.

त्या जबाबावर वेण्णिलाचं म्हणणं टिकलं. गृहस्थांना अटक झाली, वसतिगृहाला सील लागलं. ज्यांचं कुणी होतं त्या मुली नातेवाइकांकडे गेल्या, उरलेल्यांना शहरातल्या सरकारी निवासात न्यायला गाडी आली. इथल्या कुठल्याही माणसाने मुलींना भेटू नये, असा हुकूम होता. मुली रडत होत्या. धाकट्या दोघींनी रत्नप्रभाच्या साडीचा पदर सोडला नाही, तो महिला शिपायाने सोडवला.

वेण्णिला केस मोकळे घेऊन उभी होती. रत्नप्रभाच्या हातात फणी होती. "मॅडम, एकदाच विंचरून देऊ? लांब जायचंय तिला."

"मला नका विचारू," शर्मिष्ठा म्हणाली. "तिला विचारा."

इतक्या वर्षांत रत्नप्रभाने कुठल्याही मुलीला हे विचारलं नव्हतं. तिने विचारलं.

वेण्णिलाने फणीकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "वेंडाम, अक्का."

रत्नप्रभा बाजूला झाली. गाडी गेली.

आता ती चेन्नईबाहेर ओरगडमला राहते, तिथल्या कारखान्यांतल्या मराठी पोरांना डबे देते. घरमालकांची नात अवनी सकाळी फणी घेऊन येते आणि पाठ करून बसते, तरी रत्नप्रभा रोज विचारते, "घालू?"

"रोज काय विचारता, आजी? घाला की!"

ती तेल हातावर घेते. वेणी सैल घालते, दुपारपर्यंत सुटते.