अकरा पांढरे पंजे

चाळणताईंना शिंपले चोरताना पकडलं आणि नोकरीवरून काढलं, अशी बातमी दुपारी दोनला जिन्यात शिरली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला मोत्यांची पिशवीही चिकटली होती. सगळ्या थापा. त्यांच्या प्रयोगशाळेतले शिंपले मिठाच्या दाण्याएवढे. चोराला शिंक आली की मुद्देमाल गायब. ताईंना कुणी काढलं नव्हतं, त्याच दार आपटून निघाल्या होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या भरदुपारी गल्लीत दिसल्या, आणि असा चेहरा घेऊन की कोपऱ्यावरच्या कुत्र्यानेही भुंकणं उद्यावर ढकललं.

ताईंचं काम ऐकायला सोपं. समुद्राच्या तळातून नळीने उपसलेला गाळ थराथराने त्यांच्याकडे यायचा. तो चाळणीवर, नळाच्या बारीक धारेखाली धुवायचा. चिखल वाहून जायचा, मागे रेतीसारखे शिंपले उरायचे. ते वाळवून, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून, ओल्या कुंचल्याच्या टोकावर एकेक उचलायचा आणि काळ्या पट्टीवर चिकटवायचा. कुठली जात समुद्रातून कधी नाहीशी झाली हे ठाऊक असलं की थराचं वय निघतं. त्यातल्या एका जातीच्या शेवटच्या कप्प्याला बोटं फुटलेली असतात. ताई तिला ‘पंजा’ म्हणत. पंजे संपले त्याला सुमारे अठरा लाख वर्षं झाली. आणि प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टरसाहेब, म्हणजे ज्यांनी जन्मात कुणाला गोळी दिली नाही असे डॉक्टर, वर्षभर सांगत फिरत होते की बेचाळिसावा थर दहा लाख वर्षांचा आहे. नेमके त्याच थरात ताईंना अकरा पंजे सापडले.

त्या दुपारी ताई साहेबांच्या अहवालाच्या प्रती काढत होत्या. यंत्रातून गरम पान बाहेर आलं. त्यावर ओळ होती: ‘बेचाळिसाव्या नमुन्यातील जुने शिंपले चाळण नीट न धुतल्यामुळे मिसळले आहेत.’ नाव कुणाचंच नव्हतं. पण त्या इमारतीत चाळण धुणारं माणूस एकच होतं.

घरी सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

“आज लवकर? ऑफिस बुडालं की काय?”

“आई, माझी चाळण घाणेरडी म्हणे. छापणार आहेत तसं.”

“कोण मेला म्हणतो? मी घासलेलं भांडं तू पुन्हा घासतेस म्हणून वीस वर्षं मी तुझ्याशी भांडतेय, आणि हा शहाणा तुला घाणेरडी म्हणतो?” सासूबाईंनी वाटाण्याची शेंग अशी मोडली जणू साहेबांची मानच. “मग इथे काय नाक ओढत बसलीस? जा, घाल त्याच्या डोळ्यांत अंजन.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत ताईंनी पट्टी भिंगाखाली सरकवली.

“बघा.”

“ताई, चहा तरी घेऊ द्या…”

“आधी बघा. किती निळे दिसतात?”

प्रत्येक नमुन्यानंतर चाळण धुऊन निळ्या रंगात बुडवायची, हा नियम खुद्द साहेबांचाच. जाळीत मागचा एखादा शिंपला अडकून राहिला तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात गणवेश न घालता शाळेत आलेल्या पोरासारखा लगेच सापडतो.

साहेबांनी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले.

“एकही नाही.”

“अकराच्या अकरा पांढरेफेक. मग माझ्या चाळणीतून आले कसे?”

“मग… प्रवाहाने जुन्या थरातून उकरून आणले असतील.”

“असतील! एवढी नाजूक बोटं, एकाचाही टवका उडालेला नाही, तरी असतील म्हणते मी. मग प्रवाह लिहा. भूत लिहा. थराचं वय काढणं तुमचं काम, त्यात मी नाक खुपसत नाही. पण तुमचं गणित जुळेना म्हणून माझी चाळण घाण? बावीस वर्षं ही मान वाकवून धुतेय मी, साहेब!”

आणि हातातली चाळण त्यांनी टेबलावर अशी हाणली की तिची पितळी कड वाकली. शेजारच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं.

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. मग त्यांनी पेन काढलं, ती ओळ आडवी खोडली आणि समासात लिहिलं, ‘थराचे वय पुन्हा तपासावे.’ लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. पण साहेब म्हटलं की शेवटचा शब्द आपला हवाच. ते म्हणाले, “खोडली ओळ. पण ताई, चाळण ऑफिसची आहे. वाकवलीत तुम्ही. हे मात्र मला नोंदवावं लागेल.”

“नोंदवा की. ‘बाईने रागाने चाळण वाकवली.’ हे खरं आहे. याच्याखाली मी सही करते.”